त्रानीचा निकोलस

नववीत इतिहासाच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन कमानी काढल्या होत्या. एक अर्धगोल, एक टोकदार. "गोल ती रोमनेस्क, टोकदार ती गॉथिक. एवढं लिहिलंत तर दोन मार्क," असं म्हणून त्यांनी खडू खाली ठेवला आणि पुढे म्हणाले, "पण इमारत कोणी बांधली एवढ्यावर थांबू नका. कशासाठी बांधली आणि पैसा कुठून आला, ते विचारा."

दोन वर्षांपूर्वी मी इटलीच्या दक्षिणेला, पुलिया प्रांतातल्या त्रानी गावी गेलो, तेव्हा सरांच्या दोन्ही कमानी एकाच जागी भेटल्या. एड्रियाटिक समुद्राच्या अगदी काठावर तिथलं कॅथीड्रल उभं आहे. दगड तिथलाच, फिकट पांढरा, उन्हं कलली की गुलाबीसर दिसणारा. दर्शनी भागाला दोन्ही बाजूंनी जिने चढतात आणि मधे गोल कमानीचा दरवाजा. मागच्या बाजूला तीन उंच अर्धगोल भिंती थेट समुद्राकडे तोंड करून आहेत. शेजारच्या घंटा-मनोऱ्याच्या पायथ्याशी मात्र टोकदार कमान आहे आणि तिच्याखालून माणसं ये-जा करतात. चर्चचं काम 1099 मध्ये सुरू झालं, मनोरा नंतरचा. विसाव्या शतकात तो धोकादायक झाला, तेव्हा 1950 च्या दशकात दगड न् दगड उतरवून पुन्हा तसाच उभारला.

आत गेल्यावर आणखी एक गंमत कळते. या चर्चच्या खाली त्याहून जुनं, सांता मारिया नावाचं चर्च आहे आणि त्याच्याही खाली संत लेउचोचं भुयार. वरून खाली उतरत जावं तसतशी शतकं मागे जातात. बारिसानो या तिथल्याच कारागिराने बाराव्या शतकात घडवलेला कांस्याचा दरवाजाही तिथे आहे. त्यावर 32 चौकटी कोरलेल्या आहेत.

आता सरांचा प्रश्न : कशासाठी?

हे कॅथीड्रल ज्याच्या नावाने आहे तो संत निकोलस म्हणजे नाताळच्या सांताक्लॉजमागचा निकोलस नव्हे. हा एक ग्रीक पोरगा. 'किरिए एलेइसॉन', म्हणजे 'प्रभो, दया कर', एवढे दोनच शब्द तो दिवसरात्र ओरडत फिरायचा. त्याच्या चरित्रकथा सांगतात, की त्याला मठात ठेवलं तर तिथल्या साधूंनी वेडा ठरवून मारलं, हाकललं. समुद्र ओलांडून तो इटलीत आला. गावोगाव खांद्यावर क्रूस घेऊन तेच दोन शब्द ओरडायचा आणि मागे पोरांचा घोळका असायचा. 1094 च्या मे महिन्यात तो त्रानीत पोचला. तिथल्या आर्चबिशपने त्याला ठेवून घेतलं. 2 जून रोजी तो वारला, तेव्हा विशीच्याही आतबाहेरचाच होता. थोड्याच वर्षांत पोप दुसरा अर्बन याने त्याला संत घोषित केलं आणि लगेच हे बांधकाम निघालं.

सरांच्या पद्धतीने पाहिलं तर यामागे हिशेबही दिसतो. शेजारच्या बारी शहराने 1087 मध्ये सुप्रसिद्ध संत निकोलसच्या अस्थी मायराहून आणल्या होत्या आणि तिथे यात्रेकरूंची रीघ लागली होती. त्रानी हेही बंदरच. 1095 मध्ये याच पोपने धर्मयुद्धाची हाक दिली आणि जेरुसलेमच्या वाटेवरच्या बंदरांना बरकत आली. तुदेलाचा ज्यू प्रवासी बेंजामिन बाराव्या शतकात इथे आला होता. जेरुसलेमला जाणारे यात्रेकरू इथे जमतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तेव्हा त्रानीलाही आपला एक निकोलस हवाच होता. गाव फार उदार होतं असंही म्हणता येत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस याच गावातल्या ज्यूंची सिनेगॉग काढून घेऊन त्यांची चर्च केली गेली. त्यातलं एक, स्कोलानोवा, या शतकात पुन्हा ज्यूंच्या प्रार्थनेसाठी उघडलं.

हे सगळं खरं आहे. तरी तळघरात निकोलसच्या अस्थींसमोर, संगमरवरी खांबांच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा मला हिशेब आठवला नाही. आपल्या वर्गातला एक मुलगा आठवला.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आठवेलच. शेवटच्या बाकावर बसून ओठांत सतत काहीतरी पुटपुटायचा. आपण त्याला काय म्हणायचो, तेही आठवत असेल. नववीच्या जुलैत, भर पावसात, त्याच्या चपला लपवणाऱ्या तिघांत मी एक होतो. तो काही बोलला नाही. चिखलातून अनवाणी घरी गेला. आठवड्याभरात त्याने शाळा सोडली. चपला सायकल स्टँडच्या पत्र्यावर कितीतरी दिवस पडून होत्या. आपल्यापैकी कोणी त्या त्याच्या घरी नेऊन दिल्या नाहीत. तो चपलांमुळेच गेला असं मी म्हणणार नाही. घरची कारणंही असतील. पण का गेला, हे विचारायला आपल्यातलं कोणी गेलं नाही, एवढं मात्र मला नक्की ठाऊक आहे.

पोरांचा घोळका निकोलसमागेही होता. त्रानीने स्वार्थापोटी का होईना, त्याला दारात घेतलं आणि खायला-राहायला दिलं. दगड नंतर चढले.

या स्नेहमेळाव्याची यादी आपण दहावीच्या निकालपत्रकावरून केली. त्यात तो नाही, कारण तो दहावीला बसलाच नाही. संयोजकांना माझी विनंती आहे, की पुढच्या वेळची यादी नववीच्या जून महिन्याच्या हजेरीपटावरून करावी. हजेरीपट कार्यालयाच्या कपाटात असेलच. आणि तो सध्या कुठे असतो हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल, तर मला कळवा. मला त्याच्याकडे जायचं आहे.