पांढरी आणि काळी : वस्तीची जागा कोण निवडतं?

मंडळी, आमचा विषय तत्त्वज्ञान. इतिहासाच्या घरात आम्ही पाहुणे, तेव्हा पाहुण्याच्या चुका पोटात घालाव्यात.

सुरुवात नातवापासून करू. दिवाळीत तो आला आणि संगणकावर ‘रिमवर्ल्ड’ नावाचा खेळ मांडून बसला. अवकाशयान कोसळलंय, तीन माणसं वाचली आहेत, त्यांची वसाहत उभी करायची. पण त्याआधी अख्ख्या ग्रहाच्या नकाशावर जागा निवडायची. पाऊस किती, थंडी किती, वर्षातले किती दिवस पीक उगवेल, नदी आहे का, डोंगर आहे का, हे सगळं खेळ आधीच सांगतो. मग पेरणी. तांदूळ लवकर येतो, मका उशिरा पण भरपूर देतो, बटाटा हलक्या जमिनीतही तग धरतो. पोरानं सुपीक जमीन, बारमाही हंगाम बघून जागा घेतली. दुसऱ्या दिवशी सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. आम्ही विचारलं, का रे? म्हणाला, “आजोबा, जागा चुकली.”

आमच्या डोक्यात ते वाक्य राहिलं. कारण ज्यांनी खरोखर जागा निवडल्या, त्यांच्यापुढं नकाशा नव्हता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सोयही नव्हती.

आपल्याकडे यासाठी दोन शब्द आहेत. गावाची जागा ती पांढरी, शेताची जमीन ती काळी. मंठ्यात बसलेल्यांना हे आम्ही काय सांगावं! पण पांढरी पांढरी का असते? जागा मुळात पांढरी होती म्हणून गाव तिथं बसलं असं नव्हे. माणसं राहिली, चुलीची राख टाकली, मातीच्या भिंती पडल्या, त्यांच्यावर पुन्हा बांधल्या, शेण, कोंडा, हाडं, खापरं सगळं तिथंच जिरलं, आणि शतकांनी ती माती पांढुरकी झाली. म्हणून तर पुरातत्त्वाची मंडळी नदीकाठानं पांढरीची टेकाडं शोधत हिंडतात. नातवाच्या खेळात चांगली जागा आधी असते, वस्ती नंतर. इथं उलटं आहे. वस्ती झाली म्हणून ती जागा झाली.

अशाच एका टेकाडाची गोष्ट सांगतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८२ या काळात तिथं खणलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षं, लोक तिथं राहिले. भाग पर्जन्यछायेतला. आपल्या मंठ्याइतकाच, किंबहुना जास्तच, आभाळाकडं डोळे लावून बसणारा. मग ती जागा का? आमच्या मते त्यांनी चांगलं वर्ष बघून जागा घेतली नव्हती, वाईट वर्ष बघून घेतली होती. नदी जवळ, काठाला गाळाची जमीन, पलीकडं गुरांना चरायला माळ. पिकंही तशीच. गहू होता, पण भिस्त जवावर, कारण त्याला पाणी कमी लागतं. जोडीला मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल. एक गेलं तर दुसरं हाताशी राहील, असा हिशेब. आपल्याकडे ज्वारीच्या रानात तुरीच्या ओळी का टाकत होते, ते आठवा. आता सगळीकडं नुसतं सोयाबीन आणि कापूस, असो.

जोर्वे संस्कृतीच्या पहिल्या टप्प्यात त्यांनी एक बांध घातला, पाट काढला, पुराचं पाणी वळवलं. वस्तीत पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं, आणि त्याच्या शेजारी कोठार. घर गावप्रमुखाचं असावं असं उत्खनन करणारे म्हणतात. कुणाचंही असो, कोठार मात्र साऱ्या गावाच्या कामाचं असणार. आता गंमत बघा. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या जोर्वे वस्त्या ओस पडल्या. इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षं टिकलं.

टिकलं, पण कसं? चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचं कारण पाऊसमान घटण्यात शोधलं. लोक पुन्हा अर्धे भटके झाले असं त्यांचं म्हणणं. शेवटी तेही गेले. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही माणसं आपले मृत घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून, असा एक अर्थ लावतात. खरंखोटं तेच जाणोत. पण ज्यांना चालता येत होतं ते निघून गेले, आणि ज्यांचे पाय काढून घेतले होते ते पांढरीत राहिले, हे वाचून आम्ही पुस्तक मिटलं होतं.

आपल्या बाजूला काय? उत्तरेला पूर्णा, दक्षिणेला दुधना, मध्ये भारी काळी. लोखंडी फाळ आल्याशिवाय ही जमीन नीट फुटली नसेल असं एक मत आहे. सगळ्यांना ते मान्य नाही. पण सातवाहनांच्या काळात आपल्याच जिल्ह्यातलं भोकरदन, म्हणजे भोगवर्धन, इतकं भरभराटीला आलं होतं की तिथल्या लोकांच्या दानाचे लेख सांची-भरहुतच्या स्तूपांवर आहेत. पोटापुरतं पिकवणारी गावं दान द्यायला इतक्या लांब जात नाहीत.

इनामगावात खोदकाम चालू होतं त्या वर्षांतच १९७२ चा दुष्काळ आला. आम्ही तेव्हा विशी ओलांडलेले. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. शिक्षण झालं होतं म्हणून आम्ही शहराकडं गेलो. थोरले भाऊ राहिले. कुणाची निवड बरोबर, हे पन्नास वर्षांनीही आम्हांला सांगता येत नाही. आणि तत्त्वज्ञानाच्या पदवीचा इथं काडीचा उपयोग झालेला नाही. आजही दसरा-दिवाळी झाली की कोयते बांधून उसाकडं निघालेल्या गाड्या दिसतात. त्यांनी जागा सोडली म्हणायची की धरून ठेवली?

परवा पुतण्याचा फोन आला. गावठाणातला आपला जुना माळवदाचा वाडा पुरता पडलाय. त्या भिंतींची पांढरी माती तो रानात टाकणार, पिकाला चांगली. म्हटलं, भिंतीची ने, पण जोत्याखालची खणू नको. खापर निघालं तर बाजूला काढून ठेव, कुणाला तरी दाखवू.

तो म्हणाला, “काका, खत तर जोत्याखालीच आहे.”