चालकाचं लायसन्स संपलं असेल, तर अपघाताची भरपाई कोण देतं?

अपघातानंतर चालकाचं लायसन्स मुदत संपलेलं निघालं, की 'आता विम्याचे पैसे विसरा' असं सर्रास सांगितलं जातं. कायदा मात्र वेगळं सांगतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो पादचाऱ्यासारख्या त्रयस्थ व्यक्तीच्या संरक्षणासाठी असतो.

वैध लायसन्स नसणं हा विमा कंपनीचा बचाव ठरू शकतो. पण स्वर्ण सिंग खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की तेवढं पुरेसं नाही. गाडीमालकाने पुरेशी काळजी घेतली नाही, हे कंपनीनेच सिद्ध करायचं. ते सिद्ध झालं, तरी न्यायाधिकरण कंपनीला 'आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देऊ शकतं. यालाच 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. म्हणजे जखमीला पैसे मिळतात, पण बोजा शेवटी मालकावर येतो.

पूर्वी मुदत संपल्यावरही लायसन्स ३० दिवस चालत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत काढली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीनंतर वर्षभरात करता येतो, पण लायसन्स नूतनीकरणाच्या तारखेपासूनच वैध होतं. मधले दिवस उघडे राहतात.

चुकीच्या प्रकारच्या लायसन्सवरूनही वाद होत. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने निर्णय दिला, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं.

चालक ठेवताना त्याचं लायसन्स तपासा, मुदतीची तारीख लिहून ठेवा आणि प्रत जपा. मालकाने काळजी घेतली होती, याचा तोच पुरावा.