कॅरॅव्हान मूव्हर म्हणजे काय? आणि नागावच्या वाडीत तो चालेल का?

आपल्याकडे कॅरॅव्हान म्हटलं की बेड-किचनवाली व्हॅन डोळ्यांसमोर येते. पण कारच्या मागे जोडून ओढायची, स्वतःचं इंजिन नसलेली कॅरॅव्हानही असते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या कॅरॅव्हान पर्यटन धोरणात एका आणि दोन अ‍ॅक्सलच्या कॅरॅव्हान, टेंट ट्रेलर असे प्रकार दिलेले आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर कोणी ती आणायची म्हटली, तर हायवेवर फारसं अडत नाही. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोही आहे. अडतं ते शेवटच्या पन्नास फुटांत.

माझा चुलतभाऊ नागावच्या वाडीत पाहुण्यांसाठी अशी एक कॅरॅव्हान ठेवायचं म्हणतोय. जांभ्याच्या दोन गडग्यांमधली वाट पावणेतीन मीटर, कॅरॅव्हान सव्वादोन मीटर रुंद, आणि आत वळायच्या जागी पोफळी. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि जरा जास्त फिरलं की कार आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात. आजोबांनी लावलेली पोफळ तोडायची नाही हे घरात आधीच ठरलंय. म्हणून त्याने मला मूव्हरबद्दल विचारलं.

मूव्हर म्हणजे कॅरॅव्हानच्या चेसिसखाली, प्रत्येक चाकाजवळ बसवलेली एकेक मोटर. मोटरला खरखरीत रोलर असतो. एरवी तो टायरपासून साधारण २ सेंटीमीटर लांब राहतो. कार सोडवून बाजूला काढायची, रोलर टायरवर दाबून बसवायचे, हँडब्रेक सोडायचा आणि रिमोटने चालवायचं. दोन्ही मोटरी पुढे, तर कॅरॅव्हान सरळ. एक पुढे, एक मागे, तर जागच्या जागी गिरकी. पोकलेन जागेवर वळताना पाहिलाय ना? तेच. दोन अ‍ॅक्सल असतील तर टायर जमिनीवर घासतात, म्हणून तिथे चार मोटरींचे मूव्हरही मिळतात.

वेग सेकंदाला १५-२० सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम दहा मीटर. वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण गिअरने तो घटवला की जोर वाढतो. वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते, आणि चढावर करंट १०० अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. त्यामुळे जाड वायर आणि दमदार बॅटरी हवीच, बाईकची बॅटरी इथे कामाची नाही.

आता खरा हिशोब. १२०० किलोची कॅरॅव्हान सपाट काँक्रीटवर ढकलायला साधारण २० किलोचा जोर पुरतो. दहा फुटांना एक फूट चढ असेल तर त्यात आणखी १२०. आणि भुसभुशीत वाळूत? २५० ते ३५० किलो. चांगल्या मूव्हरचीही ताकद साधारण इथेच संपते. वर चाक जागेवरच फिरून खड्डा करतं, आणि पुढचं छोटं आधारचाक त्याआधीच रुततं. होड्या वर ओढताना खाली लाकडं टाकतात, तसे इथे जाड प्लायवूडचे तुकडे टाकून पुढे पुढे सरकवायचे. काशीद-दिवेआगरच्या पुळणीवर तर मूव्हर वापरायचा विचारच नको. जेट्टीच्या ओल्या उतारावरही नको.

थांबल्यावर आधी हँडब्रेक ओढायचा, मगच रोलर बाजूला करायचे. उतारावर हा क्रम उलटा झाला तर हजारभर किलोचं धूड गडगडत खाली येईल. त्यामुळे उताराच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, पोरं तर नाहीच. रिमोटचं बटण सोडलं की मोटरी थांबतात. म्हणून मला फोनच्या अ‍ॅपपेक्षा साधी बटणं बरी वाटतात. घामेजलेल्या बोटांनी टचस्क्रीनवर नेम धरत बसणं तिथे परवडत नाही.

खारी हवा हा आपल्याकडचा वेगळा त्रास. रोलर सरकवणारे सांधे गंजले की रोलर नीट दाबत नाही आणि टायरवर घसरतो. टायरमध्ये हवा कमी असली तरी तेच होतं. त्यामुळे गोड्या पाण्याने धुणं आणि बॅटरी चार्ज ठेवणं पावसाळ्यातही चालू ठेवावं लागेल.

भावाला मी सांगितलंय, आधी वाटेवर जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन पट्टे टाक, चाकांच्या अंतरावर. मूव्हरची ऑर्डर त्यानंतर.