थंड हवेची क्रूझ आणि जहाजावरचा जलतरण तलाव

मे महिन्याच्या सुटीत पिंपरी-चिंचवडमधून परदेशी सहलीला निघणाऱ्या कुटुंबांपुढे युरोपच्या बससहलीबरोबरच आता अलास्का आणि नॉर्वेच्या क्रूझचाही पर्याय असतो. चाकणमधील जर्मन वाहन कंपन्यांच्या कामानिमित्त काही महिने जर्मनीत राहणाऱ्या अभियंत्यांना तर हॅम्बर्ग किंवा कील बंदरातून थेट नॉर्वेच्या फ्योर्डकडे जाता येते. सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकात निळाशार तलाव आणि त्यामागे बर्फाच्छादित डोंगर असे छायाचित्र हमखास असते. ते पाहून घरातील ज्येष्ठ मंडळी विचारतात, एवढ्या थंडीत पाण्यात उतरणार कोण? मुले मात्र पोहण्याचा पोशाख सर्वांत आधी बॅगेत टाकून मोकळी होतात.

अंदाज दोघांचाही थोडा चुकतो. ज्येष्ठांना भीती वाटते ती पाण्याची आणि पाणी तर कोमट असते. मुलांच्या मनात थेरगाव किंवा नेहरूनगरचा ऐसपैस तलाव असतो. जहाजावरचा तलाव त्याच्या तुलनेत हौदाएवढा. थंड प्रदेशातील क्रूझवर जपायचे असते ते पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पाच मिनिटांत, गरम पाण्याच्या टबमध्ये आणि जीवरक्षक नसलेल्या काठावर.

पाणी तापते कसे?

थंड प्रदेशात जाणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवरील तलावांचे पाणी साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअस ठेवले जाते. त्यासाठी वेगळे इंधन फारसे जाळावे लागत नाही. जहाजाची इंजिने अहोरात्र चालू असतात आणि त्यांना थंड ठेवणारे पाणी सतत तापत असते. ही वाया जाणारी उष्णता हीट एक्स्चेंजरमधून तलावाच्या पाण्याला देता येते. पातळ धातूच्या पत्र्यांच्या एका बाजूने इंजिनाचे गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने तलावाचे पाणी वाहते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, उष्णता तेवढी पलीकडे जाते. औद्योगिक पट्ट्यातील वाचकांना हे यंत्र नवे नाही. मूळच्या स्वीडनच्या आणि जहाजांवरील हीट एक्स्चेंजरसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या अल्फा लावल कंपनीचे नाव दापोडीत अनेक दशकांपासून परिचयाचे आहे.

महापालिकेच्या तलावांत अशी सोय नसते. पुण्याचे किमान तापमान डिसेंबर-जानेवारीत १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते, तेव्हा सकाळच्या पहिल्या बॅचला दिसणारे मोजके चेहरे हे नेहमीच्या पोहणाऱ्यांचेच असतात. त्यांना अलास्कातील जहाजाचा तलाव गरमच वाटेल.

काही जहाजांवर तलावावर सरकते काचेचे छप्पर असते. हॉलंड अमेरिका कंपनीच्या जहाजांवरील मधल्या डेकचा ‘लिडो’ तलाव या पद्धतीचा असून तेथे साधारणतः मुलांनाही प्रवेश असतो. सेलिब्रिटी कंपनीच्या ‘सोलॅरियम’मध्ये काचेखालचा तलाव असतो, पण तो प्रौढांसाठी राखीव. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा फरक आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावा. अन्यथा छपराखाली आई-वडील आणि उघड्यावर मुले अशी वाटणी व्हायची.

अनेक जहाजांवर तलावात समुद्राचेच पाणी भरले जाते. खाऱ्या पाण्यात अंग सहज तरंगते, त्यामुळे नवशिक्यांना आपण एकदम चांगले पोहू लागलो असा भास होतो. डोळे मात्र चुरचुरतात, चष्मा न्यावा. समुद्र खवळला की तलाव बंद होतो. डोक्यावरची घागर चालताना हिंदकळते तसेच हे पाणी हिंदकळते, फक्त येथे घागरीत शेकडो टन पाणी असू शकते. लाट काठाबाहेर पडते, माणूस काठावर आपटतो. म्हणून अशा वेळी तलाव रिकामा करून त्यावर जाळी ओढली जाते. कप्तानाच्या या निर्णयावर तक्रार करून उपयोग नसतो.

टायटॅनिकवरचा तलाव

थंड समुद्रात गरम तलाव ही कल्पना आजची नाही. १९१२ साली ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बंदिस्त तलाव होता. त्यात समुद्राचे पाणी घेऊन ते तापवले जाई. १४ एप्रिल १९१२ च्या रविवारी सकाळी कर्नल आर्चिबाल्ड ग्रेसी या अमेरिकी प्रवाशाने न्याहारीपूर्वी त्यात पोहण्याचा आनंद घेतला. त्याच रात्री जहाज हिमनगावर आदळले आणि पहाटे ग्रेसी गोठणबिंदूखालच्या समुद्रात होते. उलटलेल्या एका नावेवर चढून ते वाचले, स्वतःच्या हाताने त्यांनी ही हकिकत लिहून ठेवली, मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. एकाच माणसाने एका दिवसाच्या आत अनुभवलेली ही दोन पाणी लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या सुमारे २५ पट असते. तापवलेल्या तलावात तिचा त्रास जाणवत नाही, थंड पाण्यात ती काही मिनिटांत हातपाय निकामी करते. फ्योर्डच्या काठावर उतरल्यावर ‘एक डुबकी मारूच’ असा मोह अनेकांना होतो. जहाजावरच्या तलावाची सवय त्यासाठी अजिबात पुरेशी नसते.

बाहेरची पाच मिनिटे

जुनो या अलास्काच्या राजधानीत भर जुलैतही दिवसाचे कमाल तापमान साधारण १७-१८ अंशांच्या घरात असते. हिमनद्यांजवळ ते आणखी खाली येते. त्यात जहाज २० नॉट वेगाने चालले असेल, तर समुद्र शांत असला तरी उघड्या डेकवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा असतो. १२ अंशांची हवा अशा वाऱ्यात कोरड्या त्वचेलाही ९ अंशांसारखी वाटते. ओल्या अंगाची गोष्टच वेगळी. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खेचली जाते. माठातले पाणी याच न्यायाने गार होते. तलावातून बाहेर आलेला माणूस म्हणजे वाऱ्यात ठेवलेला माठच.

यावरचा उपाय साधा, पण आधी करायचा आहे. पाण्यात उतरण्यापूर्वीच टॉवेल, झगा आणि रबरी चपला काठाजवळ, वाऱ्याच्या आडोशाला ठेवाव्यात. केबिनमध्ये मिळणारा जाड झगा अंगावर घालूनच तलावाकडे यावे आणि तोच घालून परतावे. डोके आधी पुसावे. पोहून झाल्यावर ओल्या अंगाने छायाचित्रांसाठी रेलिंगपाशी उभे राहणे हा मराठी पर्यटकांचा आवडता कार्यक्रम दिसतो; तो झगा घातल्यावर करावा. लहान मुले वजनाच्या मानाने अधिक वेगाने उष्णता गमावतात, त्यामुळे ओठ निळसर दिसण्याची वाट न पाहता थरथर सुरू होताच त्यांना बाहेर काढावे.

अंगावर सुती टी-शर्ट किंवा बर्म्युडा घालून पाण्यात उतरू नये. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि बाहेर आल्यावर बराच वेळ अंग गार करत राहते. शिवाय बहुतेक जहाजांवर ते सहसा चालत नाही. स्त्रियांना अंगभर पोशाख हवा असेल, तर लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोशाख हा दोन्ही बाजूंनी सोयीचा मार्ग आहे. जर्मन कंपन्यांच्या जहाजांवरून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. तेथील सौना सामाईक असतो आणि त्यात विवस्त्र बसण्याचीच रीत आहे. दार उघडल्यावर गोंधळ उडण्यापेक्षा बाहेरील पाटी वाचलेली बरी.

गरम टबचा मोह

थंड हवेत सर्वाधिक गर्दी तलावात नसते, ती असते शेजारच्या गरम पाण्याच्या टबमध्ये. समोर हिमनदी आणि गळ्यापर्यंत गरम पाणी, हे सुख नाकारण्यासारखे नाहीच. परंतु ज्येष्ठांच्या दृष्टीने जहाजावरील सर्वांत सावधगिरीची जागा हीच. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या नियमांनुसार टबचे पाणी ४० अंशांपेक्षा अधिक गरम असता कामा नये. एवढ्या गरम पाण्यात त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबाची गोळी घेणारी व्यक्ती अर्ध्या तासाने झटकन उभी राहिली, तर चक्कर येऊन ओल्या फरशीवर पडू शकते. सोबत मद्याचा पेला असेल, तर हा धोका वाढतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना पाणी किती गरम आहे हेच कळत नाही. गरोदर स्त्रियांनी टब टाळावा. इतरांनीही १० ते १५ मिनिटांत बाहेर यावे, तेही आधी काठावर बसून, मग कठड्याला धरून.

याच्या उलट प्रकार काही जहाजांच्या स्पामध्ये असतो. २०१५ पासून सेवेत आलेल्या वायकिंग कंपनीच्या समुद्री जहाजांवर चक्क कृत्रिम बर्फाची खोली आहे. सौनातून थेट बर्फात जाणे नॉर्वेच्या लोकांना अंगवळणी पडलेले असते. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी केवळ सोबतचे करतात म्हणून तो प्रयोग करू नये. अचानक थंडीने रक्तवाहिन्या आकसून हृदयावर ताण येतो.

टबच्या स्वच्छतेचा इतिहासही बोलका आहे. १९९४ साली न्यूयॉर्कहून बर्म्युडाला जाणाऱ्या ‘होरायझन’ या जहाजावरील सुमारे ५० प्रवाशांना लीजनेअर्स हा न्यूमोनियाचा गंभीर प्रकार झाला. त्याचे मूळ टबच्या गाळणीत वाढलेल्या जिवाणूंत सापडले. ते तुषारांतून फुफ्फुसात जातात, त्यामुळे टबमध्ये न उतरता जवळ बसलेल्यांनाही बाधा होऊ शकते. त्यानंतर नियम कडक झाले. तलावात दर लिटरला किमान १ मिलिग्रॅम आणि टबमध्ये किमान ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन वा तत्सम द्रव्य हवे, असा सीडीसीचा दंडक आहे. ही संस्था जहाजांची तपासणी करून १०० पैकी गुण देते आणि ते संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. ८५ किंवा त्याखाली गुण म्हणजे नापास. अलास्काची जहाजे या तपासणीच्या कक्षेत येतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी जहाजाचे नाव टाकून गुण पाहता येतात.

काचेच्या छपराखाली क्लोरीनचा उग्र दर्प कोंडून राहतो. दम्याच्या रुग्णांनी अशा दिवशी बाहेरचा तलाव निवडावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन पोहणाऱ्यांना श्वसनाचा त्रास झाला व काहींना रुग्णालयात न्यावे लागले. तो अपघात होता आणि जहाजावरचा नेहमीचा दर्प वेगळा. तरीही डोळे झोंबून खोकला येऊ लागला, तर तेथून निघून कर्मचाऱ्यांना सांगणे हेच योग्य.

काठावर जीवरक्षक असेलच असे नाही

महापालिकेच्या तलावावर शिट्टी घेऊन उभा असलेला जीवरक्षक हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे आहे, की तो नसेल ही शक्यता पालकांच्या मनात येत नाही. अनेक क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर मात्र ‘स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे’ एवढीच पाटी असते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘नॉर्वेजियन ब्रेकअवे’ या जहाजाच्या तलावात चार वर्षांच्या मुलाचा बुडून मृत्यू झाला. डिस्नेने २०१३ मध्ये, नॉर्वेजियन कंपनीने २०१५ मध्ये आणि रॉयल कॅरिबियनने २०१७ मध्ये जीवरक्षक नेमण्यास सुरुवात केली. बाकीच्यांबाबत आरक्षणाच्या वेळीच विचारावे लागते.

थंड हवेत धोका एका वेगळ्या कारणाने वाढतो. तलावावर गर्दी नसते. हिमनदी दिसू लागली, की सगळे जहाज एका बाजूच्या रेलिंगकडे धावते आणि पालकांचे डोळेही दुर्बिणीला लागतात. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर आणून ते गुपचूप खाली जाते. म्हणून हिमनदी पाहण्याच्या तासाभरात मुलांना तलावात सोडूच नये. एरवी घरातील एका मोठ्या माणसाने, मोबाइल बाजूला ठेवून, हाताच्या अंतरावर पाण्यात असावे. फुगवण्याच्या दंडपट्ट्या हे खेळणे आहे, जीवरक्षक साधन नव्हे. लंगोट घालणाऱ्या बाळांना बहुतेक तलावांत प्रवेशच नसतो.

सहलीला सहा महिने असतील, तर नेहरूनगर, कासारवाडी, थेरगाव, पिंपळे गुरव किंवा प्राधिकरणातील महापालिकेच्या तलावावर शिकवणी लावण्याइतका वेळ हाताशी आहे. हे तलाव दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात, त्यामुळे चौकशी करूनच जावे. मुलाला २५ मीटर न थांबता पोहता येणे आणि पाठीवर तरंगत राहता येणे, एवढे जमले तरी जहाजावर पालकांचा जीव बराच भांड्यात पडेल.

परदेश नको असणाऱ्यांना मुंबईहून निघणाऱ्या जहाजांचा पर्याय आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या ‘आंग्रिया’वर छोटा तलाव होता; २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’च्या ‘एम्प्रेस’ने मुंबईहून गोवा व लक्षद्वीपच्या फेऱ्या सुरू केल्या. वाहन कारखान्यांच्या वर्षअखेरच्या सुटीत ही सहल सोयीची पडते. अरबी समुद्रावर डिसेंबरात हिमनदी नसली, तरी सूर्यास्तानंतरचा वारा ओल्या अंगाला तेवढाच झोंबतो. ज्येष्ठांनी दुपारीच पोहून घ्यावे.

विम्याचे कागद नीट वाचावेत. जहाजावरील डॉक्टरांचे शुल्क स्वतंत्र असते आणि अलास्कात रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवावे लागल्यास खर्च फार मोठा येतो. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी हे सारे अर्जात लिहिलेले असावे. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जाऊ शकतो.

तलावावर मिळणारे टॉवेल बहुधा खोलीच्या कार्डावर नोंदले जातात व परत न केल्यास पैसे कापले जातात. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या पुढे बंदरावरच मिळतात. त्यामुळे शेवटचे पोहणे दुपारपर्यंत उरकावे आणि ओल्या पोशाखासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी हातातल्या बॅगेत ठेवावी.