अॅल्युमिनियमच्या इंजिनातील गेलेले आटे : दुरुस्तीतंत्राच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या अंगाने लिहिला जातो. दुरुस्तीकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या आट्यांचे, तर विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंश कोनाच्या आट्यांचे प्रमाण सुचविले, ही माहिती पाठ्यपुस्तकांत मिळते. ते आटे गेल्यावर काय करावे, हा प्रश्न मात्र कारागिरावर सोपविला गेला.

१८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत-विच्छेदन पद्धतीमुळे अॅल्युमिनियम स्वस्त झाले. १९०३ च्या राईट बंधूंच्या विमानातील इंजिनाची क्रँककेस अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. वजन घटले, पण मऊ धातूत पोलादी स्टड आणि वारंवार काढावे लागणारे स्पार्क प्लग बसवणे धोक्याचे ठरले. यावर विमान-इंजिनांच्या क्षेत्रात रूढ झालेला उपाय म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा अंतर्भाग. भोक किंचित मोठे करून त्यात खास टॅपने नवे आटे पाडले जातात आणि चौकटच्या आकाराचा छेद असलेल्या पोलादी तारेचे वेटोळे आत फिरविले जाते. मुळात भोकापेक्षा मोठे असलेले हे वेटोळे आत गेल्यावर फाकून भिंतीला घट्ट धरते. मऊ धातूतील आट्यांचा व्यास वाढल्यामुळे पकडीचे क्षेत्र वाढते आणि भारही अनेक आट्यांवर विभागला जातो. विशेष म्हणजे अनेक विमान-इंजिनांत हे वेटोळे कारखान्यातच बसविले जाई. अर्थात, ते केवळ ठिगळ नव्हते, मूळ रचनेचाच भाग होते.

मोटारींच्या संदर्भात पोर्शे ९११ चे उदाहरण बोलके आहे. आरंभी अॅल्युमिनियमची असलेली तिची क्रँककेस १९६८ पासून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची झाली. सहा सिलिंडर आणि त्यांचे हेड २४ लांब पोलादी स्टडनी तिला आवळलेले असत. तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावणारे अॅल्युमिनियम त्या स्टडना ताणी आणि स्टड मऊ धातूतील आट्यांसह उपटून येत. १९७४ नंतरच्या २.७ लिटर इंजिनात हा दोष विशेष बळावला. अमेरिकेतील गाड्यांवर धूर-नियंत्रणासाठी बसविलेल्या उष्ण रिअॅक्टरांनी त्यात भर घातली. १९७८ च्या ९११ एससीमध्ये कंपनी अॅल्युमिनियमकडे परतली, यातच पुरेशी कबुली आहे.

अशा गाड्यांच्या मालकांपुढे पेच उभा राहतो. क्रँककेस बदलावी, तर तिच्यावर कोरलेला इंजिन-क्रमांक, म्हणजे गाडीच्या अस्सलतेचा पुरावाच, हातचा जातो. आटे पाडलेली पोलादी नळी बसविल्यास मूळ धातूचा थोडा अंश जातो, पण क्रमांक टिकतो. मूळ धातूला हातच लावू नये, हा काही संग्राहकांचा आग्रह त्यामुळे तर्कदुष्ट वाटतो: उपटलेल्या स्टडचे इंजिन चालत नाही, आणि न चालणारे यंत्र स्वतःविषयी अर्धीच साक्ष देते. आंतरराष्ट्रीय जुन्या वाहन महासंघाने स्वीकारलेली तुरीन सनद दुरुस्ती नाकारत नाही. केलेल्या बदलांची नोंद असावी, इतकी तिची अपेक्षा आहे. कोणत्या भोकात नळी बसविली, तिचे माप काय आणि ती कधी बसविली, एवढी टिपणे दुरुस्तीच्या वहीत असली, तरी पुढील अभ्यासकाला ती मूळ सुट्या भागाइतकीच उपयोगी पडतील.