ग्रंथांचा नकाशा

ग्रंथ ग्रंथालयात असणे आणि तो वाचकाच्या हाती लागणे, या दोन निराळ्या गोष्टी होत. तंजावरच्या सरस्वती महालाचा इतिहास या भेदाची साक्ष देतो.

दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले. १८०२ मध्ये त्यांनी ओरत्तनाडु येथे मुक्तांबेच्या नावाने छत्र उभारले; तेथे वाटसरूंना अन्न आणि विद्यार्थ्यांना विद्या मिळू लागली. हीच उदार दृष्टी त्यांच्या ग्रंथसंग्रहामागे होती. काशीयात्रेतही त्यांनी पोथ्या जमविल्या. १८३२ मध्ये राजे निवर्तले, १८५५ मध्ये राजवंशाची गादीही संपली. पोथ्या मात्र उरल्या.

परंतु सूचीवाचून एवढा संग्रह म्हणजे वाट नसलेले रान. जिल्हा न्यायाधीश बर्नेल यांनी १८८० मध्ये संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली आणि दूरदूरच्या पंडितांना वाट दिसली. मराठी पोथ्या व मोडी दप्तरे मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिली. १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांस खुले झाले, तेव्हा सूचीची गरज अधिकच वाढली.

आज संगणकावर ग्रंथालयाचा नकाशा रेखाटता येतो. नोंदीला दालन, कपाट आणि फळी यांचा पत्ता जोडला, की वाचकाला पडद्यावर वाट दिसते. मात्र असा नकाशा मुळातल्या नोंदीइतकाच खरा. मोडी वाचून कागदाला नाव देणारा जाणकार न उरला, तर तो कागद जागेवर असूनही हरवलेलाच ठरेल. म्हणून यंत्राची सोय करणाऱ्यांनी आधी मोडी वाचणारे घडवावेत.