पानाचा डबा आणि सूक्ष्मदर्शक : डॉ. वसंत रामजी खानोलकर

1/ मालवणहून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले, की वेंगुर्ले तालुक्यात खानोली नावाचे गाव लागते. खानोलकर हे आडनाव या गावाचे. ते उच्चारताच मराठी वाचकाला कवी आरती प्रभू, म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात. त्याच आडनावाच्या आणखी एका गृहस्थाने भारतातील कर्करोग-संशोधनाचा पाया घातला. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर (13 एप्रिल 1895 – 29 ऑक्टोबर 1978). ही हकीगत त्यांच्या कामाची.

2/ खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ होते. आज ज्याला सर्रास पॅथॉलॉजी म्हणतात, ते त्यांचे शास्त्र. असा वैद्य रुग्णाच्या उशाशी क्वचितच दिसतो. शल्यविशारदाने कापून काढलेला गाठीचा तुकडा त्याच्याकडे येतो. त्याचा अतिशय पातळ काप घेऊन, रंगवून, काचपट्टीवर ठेवून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि गाठ साधी की घातक हे ठरवतो. रुग्णाचे पुढचे आयुष्य बहुधा त्या निर्णयावर अवलंबून असते.

3/ 1923 मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी घेऊन खानोलकर अध्यापनाकडे वळले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. यांतील परळच्या संस्थेची पार्श्वभूमी लक्षात घेण्यासारखी आहे.

4/ त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या हाती असत. सेठ गोवर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देतानाच अट घातली, की येथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा. 1926 मध्ये के.ई.एम. रुग्णालयासह ही संस्था उभी राहिली. डॉ. जीवराज मेहता तिचे पहिले अधिष्ठाता. भारतीय अध्यापक केवळ शिकवू शकतात असे नव्हे, तर नवे ज्ञानही निर्माण करू शकतात, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अशा संस्थांवर आपोआपच येऊन पडली.

5/ त्या वेळी एक समज रूढ होता, की कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य देशांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आहे. वस्तुतः येथील सरासरी आयुर्मान स्वातंत्र्याच्या सुमारासही जेमतेम 32 वर्षांच्या आसपास होते. कर्करोग प्रामुख्याने उतारवयात गाठतो. त्या वयापर्यंत पोहोचणारेच थोडे. शिवाय शवविच्छेदने मोजकी आणि नोंदी तुटपुंज्या. 1930 नंतरच्या दशकात विश्वनाथ आणि खेमसिंग ग्रेवाल यांनी रुग्णालयांच्या नोंदी चाळून या समजाला प्रथम जोरदार धक्का दिला.

6/ 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या होत्या. त्यांच्या स्मृतीशी ही वास्तू जोडलेली आहे. खानोलकर अध्यापकाची स्थिर जागा सोडून येथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. देशाच्या दूरदूरच्या भागांतील कर्करुग्ण एका छपराखाली येऊ लागले आणि त्यांच्या गाठींचे तुकडे एका मेजावर.

7/ हे परळ म्हणजे गिरणगाव. मालवण, वेंगुर्ले ही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील बंदरे. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो 1981 मध्ये. या बंदरांतून आगबोटीने मुंबई गाठणारा कोकणी चाकरमानी लालबाग-परळच्या चाळींत राही आणि गिरणीत खपे. पान, सुपारी, चुना, कात आणि तंबाखू यांची चंची बहुतेकांच्या कमरेला असे. गावाकडे घरोघरी पानाचा डबा, आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावणाऱ्या बायका. या वस्तूंकडे रोगाचे कारण म्हणून पाहण्याची कोणाला सवय नव्हती.

8/ 1944 मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात खानोलकरांचा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता मुंबईतील मुखकर्करोग, आधार होता ओळीने आलेल्या 1,000 रुग्णांचा. येथे ‘ओळीने’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्या मताला सोयीचे तेवढे रुग्ण निवडले, तर काहीही सिद्ध करता येते. दाराशी आलेला प्रत्येक रुग्ण नोंदवला, तर निवडीला वाव राहत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने अनुकूल कागदांबरोबर प्रतिकूल कागदही वाचावेत, तसाच हा दंडक.

9/ रोगाची जागा पाहून कारणाचा माग काढण्याची ही युक्ती जुनी होती. 1775 मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या त्वचेवरील कर्करोग काजळीशी जोडला होता. काश्मीरमध्ये थंडीच्या दिवसांत लोक निखाऱ्यांची कांगडी अंगाशी धरतात. ती जेथे टेकते तेथील त्वचेवर होणारा कर्करोग मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता.

10/ 1945 मध्ये खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी या तर्काला व्यापक रूप दिले. ‘आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी’मधील त्यांच्या लेखाचा विषय होता चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध, आणि त्यात भारतातील तीन नव्या प्रकारांचे वर्णन होते. तिन्हींत रोग शरीराच्या नेमक्या त्याच जागी उद्भवत होता, जेथे एखादी रोजची सवय वर्षानुवर्षे आघात करीत होती.

11/ पहिला प्रकार धोतराचा. कमरेला एकाच जागी घट्ट कसलेले धोतर, त्याखाली साचणारा घाम आणि धूळ, आणि सततचे घर्षण. त्वचेचा रंग उडतो, ती जाड होते, व्रण पडतो. क्वचित तोच व्रण पुढे कर्करोगाचे रूप घेतो. अत्यंत साध्या वेषातही असा धोका दडलेला असू शकतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पुढे साडीच्या घट्ट नाड्यामुळे झालेले असेच रुग्णही नोंदवले गेले.

12/ दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर, विशेषतः विशाखापट्टणमच्या बाजूला, तंबाखूच्या पानाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आहे. एरवी विरळा असणारा टाळूचा कर्करोग तेथे वारंवार आढळत होता. हा प्रकार कोकणापासूनही फार दूर नाही. शेजारच्या गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली ‘धुमटी’ अशीच उलटी ओढली जाई आणि पुढच्या काळात तिचाही अभ्यास झाला.

13/ तिसरा खैनीचा. उत्तर भारतात तंबाखू आणि चुना तळहातावर मळून खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवतात. गाठ उठते ती तेथेच. विडा चघळणारा तो गालात धरतो, त्याला रोग होतो तो गालाच्या आतील बाजूस. वस्तू थोड्याफार फरकाने तीच, ठेवण्याची जागा बदलली की रोगाची जागाही बदलते. कार्यकारणभाव दाखवणारा याहून बोलका पुरावा प्रयोगशाळेतही सहज मिळत नाही.

14/ पान-तंबाखूवर संशय घेणारे खानोलकर पहिले नव्हेत. 1933 मध्ये त्रावणकोरमधील मिशनरी डॉक्टर आय. एम. ऑर यांनी विडा आणि मुखकर्करोग यांचा संबंध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला होता. मात्र सुट्या निरीक्षणांना शिस्तबद्ध नोंदींची जोड देऊन, एका देशाचे अनेक कर्करोग त्या देशाच्या राहणीतून समजून घेण्याची दिशा खानोलकरांनी पक्की केली. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरील डॉल आणि हिल यांचा प्रसिद्ध ब्रिटिश अभ्यास त्यानंतरचा, 1950 चा.

15/ एक प्रश्न तरीही उरत होता. मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग तुलनेने अधिक दिसे, तर हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा. हा फरक रक्ताचा की राहणीचा? मग समाजासमाजांत जैविक भेद खरोखर किती, हे मोजावयास हवे. एल. डी. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजगटांमध्ये सात आनुवंशिक गुणधर्म तपासले. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत या अभ्यासाची गणना होते.

16/ या साऱ्या पद्धतीला एक मर्यादा होती. रुग्णालयात कोण आले हे कळते. न आलेल्यांचा हिशेब लागत नाही. हजार रुग्णांपैकी किती विडा खाणारे हे सांगता येते; एक लाख लोकांमागे दरवर्षी कितींना रोग होतो, हे नाही. त्यासाठी संपूर्ण शहराची नोंदवही लागते. ती 1963 मध्ये ‘बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री’च्या रूपाने सुरू झाली. लोकसंख्येवर आधारित अशी ही भारतातील पहिली नोंदणी.

17/ खानोलकरांनी माणसेही घडवली. 1952 मध्ये परळला स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे जिवंत पेशी काचपात्रात वाढवण्याचे तंत्र, शिकल्या. परतल्यावर त्यांनी याच संस्थेत त्या तंत्राची प्रयोगशाळा उभी केली.

18/ अपयशाची नोंदही येथे हवी. खानोलकरांचा दुसरा मोठा विषय कुष्ठरोग. त्याचा जंतू मज्जातंतूंमध्ये कसा शिरतो यावर त्यांनी बारकाईने काम केले. हा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे कोणालाच साधले नव्हते. 1958 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या गाठीतून एक जंतू वाढवला, तो ‘आय.सी.आर.सी. जंतू’ म्हणून ओळखला गेला. कालांतराने तो कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याच्या गोतातील दुसराच असल्याचे दिसून आले. तरी त्यापासून पुढे कुष्ठरोगावरील एक लस तयार करण्यात आली. चुकलेली वाटही पुष्कळदा कोठेतरी पोहोचवते.

19/ मानसन्मान यथावकाश आले. पद्मभूषण, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद, 1960 ते 1963 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. अणुस्फोटांच्या चाचण्यांनी जग धास्तावले असताना किरणोत्साराच्या परिणामांचा विचार करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 1955 मध्ये शास्त्रीय समिती नेमली. तेथे भारताचे प्रतिनिधित्व खानोलकरांनी केले.

20/ आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मुंबईच्या हजार रुग्णांचा लेख 1944 चा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले ते 1985 मध्ये. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा तिचा निर्वाळा 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात आज लागू असलेली गुटखाबंदी 2012 ची. पहिल्या लेखापासून तिच्यापर्यंत 68 वर्षे लोटली. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत मुखाचा कर्करोग आजही अग्रभागी आहे.

21/ गाठ उठली की ‘भोग आहे, भोगायचा’ असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत. भोगाला उपाय नसतो, सवयीला असतो. खानोलकरांच्या काचपट्ट्यांनी हा फरक दाखवून दिला. मालवणच्या एखाद्या माजघरात पानाचा डबा पितळेचा, घासून लखलखीत ठेवलेला अजूनही सापडेल. त्याचे कौतुक जरूर करावे. त्यातील तंबाखूच्या पुडीबद्दल परळच्या एका प्रयोगशाळेने काय सांगितले होते, तेही घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे.